जुना नमुना आणा

आबाजींच्या चाकूला गेली बारा-तेरा वर्षं सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली होती. पट्टी काढली की पातं आपोआप लोंबायचं. एकदा ते बंडीच्या खिशातच उघडलं आणि अंगठ्याला लागलं, तेव्हापासून ही पट्टी. नवा चाकू घ्या, असं मामा दर दिवाळीला म्हणायचा. एकदा घेऊनही आला. तो चाकू आता मामीच्या स्वयंपाकघरात आहे.

आबाजी म्हणजे माझ्या आईचे वडील. काटोल तालुक्यात त्यांची संत्र्याची बाग आहे. ती त्यांची होण्याआधी, तरुणपणी, ते दुसऱ्यांच्या रोपवाटिकांमध्ये डोळे बांधायचं काम करत. संत्र्याचं झाड बियांपासून वाढवत नाहीत, हे विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. जंबेरीचं किंवा रंगपूर लिंबाचं रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की त्याच्या सालीवर इंग्रजी 'टी'च्या आकाराचा काप घ्यायचा, साल दोन्ही बाजूंनी हलकेच उचलायची आणि चांगल्या झाडावरून ढालीच्या आकारात कापलेला डोळा आत सरकवून पट्टीनं बांधायचा. डोळा जमिनीपासून वीतभर तरी वर बांधावा लागतो, नाहीतर पुढे झाडाला डिंक्या लागतो. संत्रं नागपुरात भोसल्यांच्या काळात आलं असं सांगतात. २०१४ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण नागपुरी संत्र्याचं प्रत्येक झाड आधी कोणाच्या तरी हातातल्या चाकूखालून गेलेलं असतं, हे त्या मानांकनाच्या कागदावर दिसत नाही. दिवसाला किती डोळे बांधायचे, हे आबाजी दर वेळी वेगळं सांगतात. आकडा वाढतोच आहे.

हा चाकू त्या कामाचा. लाकडी मूठ, एकच पातं, पात्याचं टोक जरा वर उचललेलं, आणि मुठीच्या दुसऱ्या टोकाला साल उचलण्यासाठी पितळेची चपटी जीभ. पात्याच्या बुडाशी ठसा आहे, पण घासून घासून त्यातली 'शेफ' एवढीच अक्षरं उरली आहेत. पुढचं 'फील्ड' आपण मनानं वाचायचं. १९६०च्या दशकात त्यांनी तो इतवारीतून घेतला, तेव्हाच तो कोणाचा तरी वापरलेला होता.

मी बुटीबोरीत राहतो. वडिलांची नोकरी इथल्या एमआयडीसीत गेली. माझी नोकरी बंगळूरची आहे, पण ती मी इथल्या मागच्या खोलीत बसून करतो. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये एक चौकोनी ठोकळा कानशीनं सपाट केला होता, तेवढाच माझा लोखंडाशी संबंध. मागच्या वर्षी ठरवलं की आबाजींना तसाच चाकू करून द्यायचा. आईला आधी काळजी वाटली ती पोलिसांची. शस्त्र कायद्याखालच्या यादीत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पाती येतात आणि त्यातही घरगुती व शेतीची अवजारं वगळलेली आहेत, हे मी तिला दाखवलं. आमचं पातं अडीच इंचाचं. "तरी रस्त्यावर उघडू नको," एवढं म्हणून तिनं विषय सोडला.

*

घडीचे चाकू आपल्याकडे तीन तऱ्हांचे दिसतात. पहिला म्हणजे न्हाव्याचा वस्तरा. त्यात कमानी नसते. पातं फक्त खिळ्याच्या आवळपणावर उभं राहतं, बाकी सगळं न्हाव्याच्या बोटांवर. दुसरा खटक्याचा, म्हणजे रामपुरी. उत्तर प्रदेशातल्या रामपूर संस्थानात वाढलेला आणि हिंदी सिनेमानं बदनाम केलेला. 'वक्त'मधला (१९६५) राजकुमारचा प्रसंग ज्यांना आठवतो, त्यांना वेगळं सांगायला नको. त्यात पातं उघडलं की अडकतं. खटका दाबल्याशिवाय मिटत नाही.

तिसरा या दोघांच्या मधला. इंग्रजीत त्याला स्लिपजॉइंट म्हणतात. मुठीच्या पाठीला पोलादाची कमानी असते आणि ती पात्याच्या बुडावर सतत दाबून बसते. पातं उघडताना ती उचलली जाते, पूर्ण उघडल्यावर टक् करून बसते. पातं अडकत नाही, पण सहज मिटतही नाही. जोर लावला की मिटतं. ज्याला दिवसातून शंभरदा चाकू उघडायचा, पुसायचा आणि मिटायचा आहे, त्याच्या कामाचा चाकू हाच. आबाजींचा चाकू या जातीचा होता आणि त्याची कमानी मोडली होती.

दिसायला ही वस्तू फार साधी वाटते. पातं, कमानी, पितळेचे दोन पत्रे, दोन लाकडी फळ्या, तीन खिळे. माझ्या फोनमध्ये किती भाग आहेत ते मला माहीत नाही, इथे नऊ. पण या नऊमधले दोन, पातं आणि कमानी, एकमेकांशी फार कडकपणे बांधलेले आहेत. पात्याच्या बुडाला तीन कडा असतात: पाठीकडची, मागची आणि धारेकडची. चाकू उघडा असताना कमानी पहिल्या कडेवर बसते, काटकोनात असताना दुसऱ्या, मिटल्यावर तिसऱ्या. पातं ज्या खिळ्यावर फिरतं त्याच्या केंद्रापासून या तिन्ही कडांचं अंतर अगदी सारखं हवं. तसं असेल तरच कमानी तिन्ही स्थितींत मुठीच्या पाठीशी सपाट राहते. अंतर पाव मिलिमीटरनं चुकलं तर पाठीवर बोट फिरवताच पायरी लागते.

मी आधी हे गणितानं सोडवायला गेलो. केंद्रापासून कड ४.२ मिलिमीटर धरली. कडा संपूर्ण चौकोनी ठेवल्या तर कोपरा केंद्रापासून ५.९४ मिलिमीटरवर येतो. म्हणजे पातं फिरताना कमानी १.७४ मिलिमीटर उचलली जाणार. एवढी उचल छोट्या कमानीला झेपत नाही. म्हणून कोपरे गोल करायचे. किती गोल? फार केले तर टक् जातो, कमी केले तर कमानी जाते. शिवाय पातं मिटल्यावर धार कमानीवर आपटू नये म्हणून बुडाला एक छोटा उंचवटा ठेवावा लागतो, आणि तो उंचवटाच पातं मुठीत किती खोल जाणार ते ठरवतो. तो खोल गेला तर पातं उघडायला नख अडकवायची खाच मुठीत गडप. एक माप हलवलं की चार मापं हलतात. कोड लिहिणाऱ्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. फरक एवढाच, की इथे मागे जायचं बटण नाही. कानस फिरली की फिरली.

म्हणून नवशिक्याला सगळे जाणकार एकच सांगतात: पहिला चाकू स्वतःच्या कल्पनेतून करू नकोस, चाललेला नमुना घे. आणि मी चाललेला नमुना शोधायला लागलो.

*

नमुन्यांचं माहेर शेफील्ड. चॉसरनं चौदाव्या शतकात एका गिरणीवाल्याच्या मोज्यात शेफील्डचा चाकू खोचून ठेवला आहे, इतकं हे गाव या धंद्यात जुनं. तिथल्या चाकूवाल्यांचा संघ १६२४ साली कायद्यानं स्थापन झाला. पाठीला कमानी असलेला घडीचा चाकू सतराव्या शतकात तिथे रुळला. जोसेफ रॉजर्स या पुढे जगभर पोचलेल्या पेढीचं चिन्ह, तारा आणि माल्टाचा क्रूस, १६८२ चं. १८१६ साली जोसेफ स्मिथ नावाच्या माणसानं शेफील्डच्या मालाचं एक चित्रमय पुस्तक छापलं. त्यात करवती, कात्र्या, कानशी आणि चाकू ओळीनं कोरून काढले आहेत. दूरच्या व्यापाऱ्यानं चित्रावर बोट ठेवून 'यातले बारा डझन' म्हणावं, यासाठी ते.

यातून नमुन्यांना नावं पडली. बार्लो हा सगळ्यात साधा: एक-दोन पाती आणि पुढच्या टोकाला लांब धातूचं टोपण. टॉम सॉयरला बायबलच्या ओळी पाठ करण्यासाठी मेरी जो चाकू देते, तो बार्लोच. पुढे अमेरिकेत शिकाऱ्यांचा ट्रॅपर आला, गुराख्यांचा स्टॉकमन आला, शेंगेएवढा पीनट आला. एका नमुन्याचं नाव चक्क काँग्रेस आहे. नागपूरच्या १९२० च्या अधिवेशनाशी त्याचा संबंध नाही, पण आमच्या गावात हे नाव सांगून मी दोन तास गप्पांचे मिळवले.

मला आधी वाटलं होतं की नमुना म्हणजे ही चित्रं. शेफील्डमध्ये तो चित्र नव्हता. पातं घडवणारा वेगळा, धार काढणारा वेगळा, जुळवणी करणारा वेगळा. बऱ्याचदा तिघंही वेगवेगळ्या गल्लीत, भाड्याच्या खोलीत. एकानं केलेली पाती दुसऱ्यानं केलेल्या कमान्यांवर बसायची तर सगळ्यांकडे एकच माप हवं. ते माप म्हणजे कडक पोलादाची पातळ पट्टी, पात्याच्या आकाराची, भोकं पाडलेली. ती कच्च्या लोखंडावर ठेवायची, भोकातून ड्रिल घालायचं, कडेनं रेघ मारायची. शंभर चाकूंनंतरही पट्टीचं भोक जागचं हलत नाही. नमुना ती पट्टी होती. पुस्तकातलं चित्र गिऱ्हाइकासाठी होतं, कारागिरासाठी नव्हे.

या गल्ल्यांची दुसरी बाजूही वाचनात आली आणि ती विसरता येत नाही. धार काढणारे लोक फिरत्या दगडावर वाकून बसत आणि दगडाचा नि पोलादाचा धुरळा दिवसभर छातीत घेत. शेफील्डच्या डॉक्टर नाइटची निरीक्षणं एंगल्सनं १८४५ साली आपल्या पुस्तकात घेतली आहेत. त्यानुसार कोरड्या दगडावर काम करणाऱ्यांचं सरासरी आयुष्य जेमतेम ३५ वर्षं, ओल्या दगडावरच्यांचं ४५ च्या आत. आबाजींचा चाकू त्या काळच्या मानानं बराच अलीकडचा, पण त्याचं पातंही कोणीतरी असं वाकूनच घासलं असणार. मी मास्क घालतो. तो विकत मिळतो म्हणून घालतो.

आणि एक गंमत. शेफील्डच्या पोलादाचा बोलबाला व्हायच्या काळात इंग्रज लोक आपल्या पोलादाचं रहस्य शोधत होते. मुंबईहून डॉ. हेलेनस स्कॉटनं त्याचे नमुने जोसेफ बँक्सकडे लंडनला धाडले. १७९५ मध्ये जॉर्ज पिअर्सननं रॉयल सोसायटीपुढे त्यावर निबंध वाचला. निबंधाच्या शीर्षकातच आहे की हे 'वूट्झ' नावाचं पोलाद मुंबईत तयार होतं. ते मुंबईत तयार होत नव्हतं. दक्षिणेतून येत होतं. पण माल जिथून गलबतावर चढला ते गाव नावाला चिकटलं, नागपूरच्या बाजारात वरूडची संत्री नागपुरी होतात तसंच. पुढे मायकेल फॅरडेनं १८२० च्या सुमारास जेम्स स्टोडार्टबरोबर या पोलादाची नक्कल करायचे प्रयोग केले. स्टोडार्ट हा शस्त्रक्रियेची हत्यारं आणि वस्तरे करणारा कारागीर. फॅरडे वीज आणि चुंबक यांच्यासाठी आपल्याला माहीत आहे. पण त्याआधी तो चाकूवाल्याबरोबर भट्टीपुढे उभा होता.

*

चित्र हाच नमुना, असं समजून मी केलेल्या पहिल्या प्रयत्नाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखं थोडकंच आहे. एका साध्या बार्लोची आकृती छापली, कागद पत्र्यावर डकवला आणि त्यावरून भोकं पाडली. सगळं कापून झाल्यावर पातं मिटेना. दोन संध्याकाळी डोकं खाजवल्यावर कागदावरची मोजपट्टी मोजली. प्रिंटरनं आकृती 'पानात बसवली' होती: १०० मिलिमीटरच्या जागी ९७. पात्याचा आकार मी कागदावरून घेतला होता आणि खिळ्यांमधलं अंतर आकृतीत लिहिलेल्या आकड्यावरून. दोन वेगळ्या जगांतले भाग मी एकत्र बसवत होतो. ते तुकडे टेबलावर ठेवले आहेत. पेपरवेट म्हणून बरे आहेत.

नंतर मी एका लोहाराकडे गेलो. आमच्याकडे हायवेच्या कडेला काही काळ गाडी लोहारांची पालं पडतात. आपण मूळचे चितोडचे, महाराणा प्रतापांच्या वेळी घर सोडलं, असं ते सांगतात. पुरुष तापलेलं लोखंड सांडशीत धरतो आणि बाई घण मारते. ट्रकच्या जुन्या कमानीच्या पाट्यातून विळे, कुऱ्हाडी, सुऱ्या होतात. तिथल्या म्हाताऱ्या काकांना मी मोबाईलवर आकृती दाखवली, मापं सांगितली. त्यांनी फोन हातात घेतला, चित्र पाहिलं आणि परत दिला.

"कागद काय कामाचा भाऊ? जुना माल आणा. त्याच्यावरून करून देतो."

मी म्हटलं, जुना मोडका आहे.

"मोडका असू द्या. मोडकाच बरा, आतलं दिसते."

मला तेव्हा हे उत्तर टाळाटाळीचं वाटलं. गावगाड्यातला लोहार हा बलुतेदार. शेतकरी त्याला धान्याचा वाटा देणार, तो वर्षभर नांगराचे फाळ, विळे, खुरपी शेवटणार. त्यात नवी वस्तू कमी आणि जुनी पुन्हा उभी करणं जास्त. गिऱ्हाईक घासलेलं खुरपं घेऊन येतं, तेच खुरपं नव्याचा नमुना. त्याला छापील पुस्तकाची गरज नव्हती, कारण त्याचं गिऱ्हाईक समोर उभं होतं. शेफील्डचं गिऱ्हाईक समुद्रापलीकडे होतं. पुस्तक लागलं ते त्यांना.

याचा एक परिणाम मात्र झाला. शेफील्डचा दोनशे वर्षांपूर्वीचा चाकू मला आज घरबसल्या मापासकट सापडतो. काटोल-वरूडच्या रोपवाटिकांसाठी इथल्या कोणा लोहारानं कधी डोळे बांधायचा चाकू केला असेल, तर त्याचा नमुना त्या चाकूतच होता. आणि तो चाकू झिजून, भट्टीत जाऊन, विळा होऊन गेला.

*

पालावरून परत न फिरता मी तसाच टाकळघाटला गेलो. आमच्याकडे टाकळघाट म्हटलं की लोकांना विक्तुबाबांचं देवस्थान आठवतं. पुरातत्त्वाच्या पुस्तकांत हे नाव वेगळ्या कारणानं येतं. टाकळघाट आणि खापा या परिसरात दगडांची वर्तुळं आहेत: मोठे धोंडे गोलाकार मांडलेले, मध्ये पुरण. ही लोहयुगातली दफनं. अशी वर्तुळं नागपूरच्या भोवती जुनापाणी, माहुरझरी अशी अनेक ठिकाणी आहेत.

टाकळघाटच्या वर्तुळांपायी एक माणूस गेला. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी १८४५ पासून नागपुरात होता. हिस्लॉप कॉलेज त्याच्या नावाचं. शाळा चालवणं हे त्याचं काम, पण दगड, जीवाश्म आणि गोंडी भाषा यांचा त्याला नाद. ४ सप्टेंबर १८६३ रोजी मध्य प्रांताचा चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल याच्याबरोबर तो टाकळघाटची वर्तुळं पाहायला आला. परतताना पुरानं फुगलेला नाला ओलांडताना तो बुडाला. आता त्या भागात कंपन्यांचे ट्रक जातात आणि पावसाळ्यात नाले अजूनही तसेच फुगतात. हिस्लॉपनं गोंडांविषयी लिहून ठेवलेले कागद टेंपलनं १८६६ मध्ये छापले, म्हणून ते राहिले.

पुढे शंभर वर्षांनी, १९६८-६९ मध्ये, नागपूर विद्यापीठाच्या शां. भा. देव यांनी टाकळघाट-खापा इथे शास्त्रशुद्ध उत्खनन केलं. १९७० मध्ये अहवाल आला. मग माहुरझरी. मग नाईकुंड, जिथे लोखंड गाळायची भट्टीच सापडली. टाकळघाटच्या वस्तीचा काळ इसवीसनापूर्वी सहाव्या-सातव्या शतकाच्या आसपासचा येतो. जगातला सर्वांत जुना समजला जाणारा घडीचा चाकू ऑस्ट्रियात हालश्टाटला सापडला. हाडाची मूठ, कमानी नाही. त्याचा काळही साधारण हाच. म्हणजे तिकडे कोणीतरी पातं मुठीत मिटवत होतं तेव्हा माझ्या घराशेजारी लोक लोखंड ठोकत होते. घडीचा चाकू इथे सापडलेला नाही. खंजीर, छिन्न्या, कुऱ्हाडी, घोड्याचे लगाम, आणि नखं काढायचं हत्यार अशा वस्तू या विदर्भातल्या दफनांत मिळाल्या आहेत.

मला अडकवलं ते कुऱ्हाडीनं. विदर्भातल्या या कुऱ्हाडींना दांड्यासाठी भोक नाही. सपाट पातं दांड्याला धरून ठेवायला त्यावर लोखंडी पट्टीची फुलीसारखी आवळलेली कडी बसवलेली असते. ही युक्ती या भागाची ओळख समजली जाते, आणि ती एकाच गावात नाही, एकाहून अधिक स्थळांवर मिळते. अहवालातली रेखाटनं मी शेजारी ठेवून पाहिली. मापं थोडी पुढेमागे, पण पाहताच कळतं की ही एकच वस्तू आहे. छापखाना नाही, मोजपट्टी नाही, शेफील्डची पोलादी पट्टी नाही. मग ही वस्तू एका गावातून दुसऱ्या गावात गेली कशी? मला एकच उत्तर पटतं. कोणीतरी कुऱ्हाड घेऊन दुसऱ्या भट्टीवर गेलं आणि तिथल्या माणसानं ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली.

पालावरच्या काकांनी मला टाळलं नव्हतं. त्यांनी पद्धत सांगितली होती.

*

पण आतलं पाहायचं तर चाकू खोलावा लागणार होता. आणि हा चाकू एकदा खोलला की परत जोडता येत नाही. त्याचे खिळे दोन्ही बाजूंनी ठोकून पसरवलेले असतात. घासून काढल्याशिवाय निघत नाहीत. मूठही तडकण्याची शक्यता. ट्यूबची पट्टी लावून का होईना, आबाजी त्याच चाकूनं अजून काहीबाही कापत होते. नवा जमला नाही तर हाही गेला, असा हा मामला. मी दोन रविवार काटोलला जाऊन न विचारता परत आलो. तिसऱ्या वेळी आईनंच सांगून टाकलं.

आबाजींनी पट्टी काढली, पातं दोनदा लोंबवलं आणि चाकू माझ्या हातात दिला. "मंग खोल. माह्या तं आता हातच थरथरते. तुले काय कराचं ते कर."

मी आठवडाभर नुसतं मापलं. व्हर्नियरनं, दोन्ही बाजूंनी, तीन-तीनदा. मग खिळे घासले. मधला खिळा निघाला तेव्हा कमानी दोन तुकड्यांत हातात आली. ती बरोबर खिळ्याच्या भोकातून मोडली होती: वाकताना ताण जिथे सगळ्यांत जास्त आणि भोकामुळे लोखंड जिथे सगळ्यांत कमी, तिथे. आत काळं तेल, सालीचा भुगा, आणि एका पितळी पत्र्यावर खिळ्यानं ओढलेल्या दोन बारीक रेघा. जुळवणी करणाऱ्यानं कुठला पत्रा कुठल्या बाजूचा हे लक्षात ठेवायला केल्या असतील. जुळल्यावर त्या कोणालाच दिसणार नव्हत्या.

आणि बुडाच्या कडा. मी ४.२ धरल्या होत्या. इथे त्या तीनही सारख्या नव्हत्या. धारेकडची कड इतर दोघींपेक्षा किंचित कमी होती. आधी वाटलं, झिजली. पण मग कमानी जोडून बसवल्यावर दिसलं की त्यामुळे पातं मिटताना शेवटी जरा जास्त ओढीनं आत जातं. खिशात उघडू नये म्हणून. मिटलेला असताना कमानी पाठीपेक्षा केसभर आत जाते, पण मिटलेल्या चाकूची पाठ कोण बघतो? हे कुठल्याही आकृतीत नव्हतं.

मोजमापं झाल्यावर पातं आणि जोडलेली कमानी दोन मिलिमीटरच्या पोलादी पट्टीवर ठेवून रेघा मारल्या, भोकं पाडली आणि कानशीनं कडा काढल्या. पट्टी तापवून तेलात विझवली. नागपूरच्या बाजारात ज्याला ओएचएनएस म्हणतात ते हे पोलाद. लाल होऊन लोहचुंबकाला चिकटेनासं झालं की जरा पुढे नेऊन तेलात. पात्याला नंतर आईच्या ओव्हनमध्ये २०० अंशांवर दोन तास ठेवलं. त्या दिवशी घरात केकची आशा निर्माण झाली होती. कमानीला त्याहून जास्त उष्णता लागते, निळा रंग येईपर्यंत. नाहीतर ती काचेसारखी मोडते. माझ्या पहिल्या दोन मोडल्या. दुसरी मोडली तेव्हा तुकडा भिंतीवर जाऊन लागला आणि मी चष्म्याचे आभार मानले. तिसरी टिकली. मधल्या भोकाशी ती अर्धा मिलिमीटर रुंद ठेवली आहे. जुन्यात मी बदललेली तेवढी एकच गोष्ट.

पितळेची जीभ नवी केली नाही. जुनीच लावली.

पट्टीची एक प्रत करून मी हायवेवर काकांना द्यायला गेलो, पण पाल उठलं होतं. जागेवर राख आणि घणाच्या ऐरणीचा खड्डा होता. ती प्रत माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

चाकू डिसेंबरात आबाजींना दिला. त्यांनी तो कानाशी धरून तीन-चारदा उघडला-मिटला, पाठीवर अंगठा फिरवला, आणि पात्यावरून थेट धारेवर आले. "धार जाड हाये." निसण्यावर अर्धा तास त्यांनी स्वतः ती पातळ केली. हात थरथरत होता, पण निसण्यावर टेकला की थांबायचा. मग बांधावरच्या जंबेरीच्या तीन रोपांवर तीन डोळे बांधले. दोन फुटले. तिसरा का गेला, चाकूमुळे की हातामुळे, यावर आमच्यात अजून वाद आहे. मामाच्या मते डोळाच वाळका होता.